समोरच्याची बाजू

सासरेबुवांना झटका आला आणि तो नेमका वाचेवर बेतला. हातपाय शाबूत, डोकं पूर्वीइतकंच तल्लख, पण शब्द अडायचे. मान हलवून भागतंय तर जीभ कशाला शिणवा, असं म्हणून त्यांनी बोलणंच सोडून दिलं. बोलतील तेवढं सुधारेल, हे सांगून डॉक्टर थकले.

जावयाचं औषधांचं दुकान रविवारी बंद. त्या दिवशी तो सासऱ्यांशी युद्धाचा खेळ मांडायला यायचा. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर, रंगवलेले बोटाएवढे सैनिक, अंतर मोजायला पट्टी आणि चकमकीला फासे. आजारपणानंतर तो मुद्दाम हरायचा. सासऱ्यांना ते कळत नव्हतं थोडंच? मागच्या रविवारी त्यांनी अर्ध्या डावातून सैन्य आवरलं होतं. आज सासूबाईंनी हातापाया पडून ते पुन्हा मांडायला लावलं.

आणि नेमका पेच पडला. जावयाच्या हत्तीचा खास नियम असा, की तो ज्याला धडक देईल त्याने मागे हटायचंच. सासऱ्यांच्या पुलावरच्या पहारेकऱ्यांचा खास नियम असा, की त्यांनी कधीच हटायचं नाही. नियमपुस्तिका दोघांचीही री ओढत होती.

"असू द्या, तुमचेच पहारेकरी राहू देत पुलावर," जावई सवयीने बोलून गेला. सासरे मुकाट्याने सैनिक गोळा करायला लागले. आता हे सैनिक डब्यात गेले ते कायमचेच, हे जावयाला कळून चुकलं.

"थांबा, बाबा. दोन नियम भिडले की प्रत्येकाने समोरच्याची बाजू मांडायची, हा कायदा तुमचाच. माझ्या हत्तीचं तुम्ही बोला. आज मी सोडणार नाही."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"हत्ती..." सासरे अडले. पुढचा शब्द जावयाच्या ओठांवर आला होता, तो त्याने गिळला. "हत्ती... थांबला, तर... हत्ती कसला? पहारा... मागे सरून पण... देता येतो. याचा... नियम काढला, तर... याच्याकडे... काय राहिलं?"

कपाळावर घाम आला होता. इतक्या कष्टाने आपली बाजू आजवर कुणी मांडली नव्हती, या विचाराने जावयाचे डोळे भरून आले.

"आता... माझी," सासरे म्हणाले. "हातचं... राखून बोललास... तर बघ."

जावई पहारेकऱ्यांसाठी जीव तोडून भांडला. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा त्याला दुरुस्तही केलं आणि शेवटी स्वतःच्या हाताने पहारेकरी मागे घेतले. पूल गेला, पुलाबरोबर डाव गेला.

"हरलो बुवा," ते म्हणाले, कुठेही न अडता.

सासूबाई ओल्या हातांनी दारात उभ्या होत्या. "उपकार झाले, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारीही हरवा त्यांना."