आ करा!

मांत्रिकबाबांनी ताईच्या कपाळाला नळी लावली, जोर लावून चोखली आणि तळहातावर थुंकले. थुंकीत चूक! म्हणजे चपलेला ठोकतात तो बारीक खिळा. फाटकाशी जमलेली गर्दी "आई गं!" म्हणून मागे सरली आणि लगेच दुप्पट पुढे आली.

"करणी आहे, करणी!" चेला ओरडला. "कुणीतरी मेंदूत चुका ठोकल्यात हिच्या. सगळ्या निघाल्या की कानातले आवाज बंद! अट एकच, इथल्या गोळ्या आजपासून सोडायच्या."

चेलाच बोलत होता, कारण उपचाराच्या वेळी बाबांचं मौन असायचं. रुमालानं तोंड पुसलं की मौन सुरू. व्रत मोठं सोयीचं होतं.

मी इथली नर्स. रस्त्यावर राहणाऱ्या, मन थाऱ्यावर नसलेल्या माणसांना आमच्या या निवाराघरात थोडे दिवस ठेवून घेतात. अंघोळ, जेवण, झोप, औषध. माणूस जरा सावरलं की पुढची सोय. ही ताई त्यांतलीच, बसस्टँडवरून आली तेव्हा भिंतीशी भांडत होती. "डोक्यात रेडिओ लागलाय," म्हणायची. गोळ्यांनी रेडिओ बारीक झाला, तसा तिनं भावाचा पत्ता सांगितला. भाऊ धावत आला, ढसाढसा रडला आणि पुढच्या खेपेला बाबांना घेऊन आला. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"घरात पोरंबाळं आहेत, सिस्टर. बाबांनी भूत काढलं तरच नेतो," हा त्याचा हेका.

ताईला घरी जायचं होतं. "आत येऊ द्या त्यांना," ती म्हणाली. माझा मात्र जीव टांगणीला लागला. गोळ्या सुटल्या की ही परत स्टँडवर, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बाबांनी पुन्हा तोंड पुसलं, नळी उचलली. ताईनं ती हातानं अडवली.

"बाबा, आ करा."

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"जीभ वर करा. आता गाल दाखवा." हुबेहूब माझा सूर! गोळी दिली की मी प्रत्येकाला हेच सांगते. घराचा नियमच आहे तो.

"अहो, बाबांचं मौन आहे!" चेला कळवळला.

"आ करायला बोलावं कुठं लागतं?" ताई म्हणाली. "गालात काय काय मावतं ते मला विचारा. सुरुवातीला गोळ्या मी तिथंच दडवायचे. सिस्टरनी पकडलं."

इथं राहणारी आमची सगळी मंडळी ओरडू लागली, "आ करा! आ करा!" गर्दीनंही सूर धरला. बाबांना ठसका लागला आणि चुका टणटणत फरशीवर आल्या. भावानं रुमाल हिसकावून झटकला, त्यातूनही चुका पडल्या. रुमालातून गालात, गालातून तळहातावर. नळी नुसती शोभेची! बाबांनी आणि चेल्यानं चपला तिथंच टाकून धूम ठोकली.

भाऊ खाली बसून चुका वेचू लागला. "चूक झाली, ताई."

"एक कुठली? ढीगभर आहेत. नीट वेच, पायात घुसतील."

ताई घरी गेली, गोळ्यांची पिशवी घेऊनच. आता भाऊच तिला रोज "आ कर" म्हणतो.

मनाचा आजार हा आजारच असतो, करणी नव्हे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवायला लागला, तर हात जोडण्याआधी त्याला एवढंच सांगा, आ करा!