आधी उजवी बाजू

योगाच्या पहिल्याच तासाला शहाजादीनं चटई फिरवून उत्तर-दक्षिण केली, उत्तरेला डोकं ठेवून ती उताणी पडली आणि तोंड उजवीकडं वळवलं.

"चाची, असं न्हाय," संयोगिता मॅडम हसत म्हणाल्या. "उत्तरेला डोकं करून झोपत्यात व्हय कुणी? आणि तोंड वर, छताकडं. शवासन हाय हे."

"शव म्हंजे मय्यतच न्हवं? मग बरोबर हाय की. कबरीत असंच निजवत्यात."

हॉलमधल्या बाया हसल्या, पण दोघी-तिघींनी आपल्या चटया हळूच लांब सरकवल्या. मुरगुडात शहाजादीला कोण ओळखत नाही? मोहल्ल्यातली बाई गेली, की तिला शेवटची आंघोळ घालायला शहाजादीलाच बोलावणं येई. सासूनं हे काम तिला शिकवलं आणि पुढं सासूची आंघोळही तिच्याच हातून झाली.

पावसाळ्यात तिची पाठ धरली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी यंत्रात घालून बघितलं आणि तिच्या मुलाला, मुनव्वरला, एकट्यालाच आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"काय न्हाय, अम्मी. पाठच हाय. योगा करा म्हणत्यात."

खोटं बोलणं या पोराला जन्मात जमलं नव्हतं. शहाजादी काय ते समजली. त्याचं मन राखायला म्हणून ती योगाला आली, पण येताना सुनेला हट्टानं सोबत घेऊन आली.

मरणाची तिला फारशी धास्ती नव्हती. एवढ्या जणींना न्हाऊ घातल्यावर धास्ती उरते कुठं? धास्ती होती ती आपल्याला कोण न्हाऊ घालणार याची. परगावची कोणीतरी आणतील, ती घाईघाईनं पाणी ओतून मोकळी होईल. शेवटचा हात घरच्या माणसाचा लागावा, आणि घरात बाई म्हणून एकटी सून, अर्शी, होती.

अर्शी इचलकरंजीची. करोनात तिची आई दवाखान्यात गेली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून थेट कबरस्तानात पोचली. आंघोळ नाही, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेव्हापासून मय्यतीचा विषय निघाला, की अर्शी उठून जायची. "शिकून घे की गं," असं शहाजादी एकदाच म्हणाली होती. त्या दिवशी पोर जेवली नाही.

"रोज केलं की पाठ मोकळी हुती, झोप लागती, मन शांत ऱ्हातंय," मॅडम सांगायच्या. बाया साखर उतरते का, गुडघे थांबतात का, असं विचारायच्या. शहाजादी सगळ्याला मान डोलवायची. तिची कळ आता पाठीतून पायात उतरली होती. ताडासन तिनं कधीच सोडलं होतं. ती शेवटच्या शवासनाची वाट बघत बसायची.

शवासनात मॅडम जोड्या लावत. जोडीदारणीचा हात उचलायचा आणि सोडायचा. धपकन पडला तर अंग सैल. अर्शी सासूचा हात दोन बोटांनी उचलायची आणि झटकन सोडून द्यायची.

"अशी नगं," शहाजादी डोळे मिटूनच पुटपुटायची. "कोपराखाली तळवा घाल. मनगट धर. हां, दमानं."

योगाच्या नावाखाली आपण पोरीला फसवतोय, याची तिला लाज वाटायची. पण थांबायला वेळ नव्हता.

एके सकाळी तिला बसणंही झेपेना. बाकीच्या श्वास मोजत होत्या आणि ती चटईवर आडवी पडून होती. मॅडमनी जोड्या लावायच्या आधीच अर्शी उठून जवळ आली. तिनं अंगावरची ओढणी काढली आणि सासूच्या बेंबीपासून गुडघ्यांखालपर्यंत नीट पसरली.

हे मॅडमनी शिकवलं नव्हतं आणि शहाजादीनंही नव्हतं. अंग झाकल्याशिवाय मय्यतीला हात लावत नाहीत, आणि आंघोळ आधी उजव्या बाजूला घालतात.

मग अर्शी वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि तिनं उजव्या कोपराखाली तळवा घातला. दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि या वेळी झटकन सोडलं नाही.

"तुला कुणी सांगितलं गं हे?"

"हे रात्री रडत्यात, अम्मी. म्हणून मीच इचारून आले इचलकरंजीत, आमच्या मोहल्ल्यात मय्यतीला न्हाऊ घालत्यात त्या खालाला." अर्शीनं ओढणीची कड सरळ केली. "पाणी केवढं गरम लागतंय, ते तिला इचारायचं ऱ्हायलं."

शहाजादीनं डोळे उघडले नाहीत.

"कोमट," ती म्हणाली. "तान्ह्या लेकराला घालत्यात, तेवढंच."