ऑटी आत्याचं कोरं साल

नवरा गेला तेव्हा ऑटी आत्याने, केंटकीतल्या डोंगरात सगळेच करतात तसं, त्याच्या थडग्याच्या दगडावर स्वतःचंही नाव आणि जन्मसाल कोरून घेतलं होतं. मृत्यूच्या सालाची जागा अजून कोरीच होती. आत्या असती तर आज सत्त्याण्णवची. छे, ती कधीच गेली असणार, आणि आतेभाऊ डॅरल तिचं मरण दडवून पेन्शन गिळतोय, याची व्हर्लीनला खात्रीच होती. वंशावळ लिहायचं निमित्त काढून ती ओहायोहून थेट काउंटीच्या कचेरीत येऊन धडकली.

मृत्यूनोंदी सांभाळणारी मोझेल आतून शोधून आली. "आत्याबाईंची नोंद नाही."

"नसणारच! डॅरलने तुम्हालाही खिशात घातलंय वाटतं?"

"बाई, तोंड सांभाळा. नाव काय तुमचं?"

"व्हर्लीन स्टॅम्पर. का?"

मोझेलने चष्मा काढून तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"मागच्या महिन्यात डॅरलचा हात धरून तुमची आत्या इथे आली होती. तुमच्या मृत्यूची नोंद मागत होती. म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या मयतीनंतर पोरीचं पत्र नाही की फोन नाही. जिवंत असती तर अशी वागली नसती."