अध्यक्षांच्या दारावरचं लाल फडकं

"दार लाव आधी!" अध्यक्ष दबक्या आवाजात खेकसले. बायकोनं दार आणखी सताड उघडलं. उजेडाशिवाय तिची खात्री पटणार नव्हती.

शेडमध्ये भुसा भरलेल्या पिशव्या माळेनं टांगल्या होत्या. सगळीकडे पांढरं दाट जाळं धरलेलं, अळंबीचे गुच्छ फुटलेले. फक्त कोपऱ्यातल्या पिशवीवर पोपटी डाग होता आणि त्यावर चुना फासलेला होता. शेजारच्या पिशवीलाही तोच रंग चढू लागला होता.

"हा चुना कुणी लावला?"

अध्यक्ष छताकडं बघायला लागले.

"म्हणजे काल दिसलं होतं तुम्हाला! आणि तसेच उठून गावभर शेड तपासायला गेलात?"

ते अळंबी उत्पादक संघाचे अध्यक्ष. दर आठवड्याला प्रत्येक सभासदाच्या शेडमध्ये जाऊन पिशव्या हातानं चाचपायच्या, ही पद्धत त्यांनीच पाडलेली. हिरवी बुरशी एका पिशवीवरून दुसरीवर गेलेली दिसली की दाराला लाल फडकं, शेड बंद आणि पिशव्या जाळायच्या, हा नियमही त्यांचाच. नियम बरोबरच होता म्हणा, कारण ही बुरशी हाताला, कपड्यांना चिकटून घरोघर फिरते. गेल्या हंगामात सख्ख्या धाकट्या भावाच्या दाराला त्यांनी स्वतः फडकं बांधलं. भावजय पाया पडली, तरी बधले नाहीत. तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला होता. धाकट्यांनी यंदा कसंबसं पुन्हा बस्तान बसवलं होतं.

"संध्याकाळी व्यापाऱ्याची गाडी येतेय," अध्यक्ष म्हणाले. "संघाचा माल म्हणून तो डोळे झाकून उचलतो. अध्यक्षाच्याच घरात रोग निघाला तर संघाचं नाक कापलं जाईल. एवढी गाडी जाऊ दे, मग गुपचूप जाळू."

"आणि धाकट्या भाऊजींच्या पिशव्या? त्या कुठल्या हातानं चाचपल्यात?"

"हात धुतले होते मी."

"आणि सदरा? तो तर अजून अंगावरच आहे!"

अध्यक्षांनी खाली सदऱ्याकडं पाहिलं. बाहीला चुना लागलेला होता.

"आज कळलं तर एखाददुसरी पिशवी काढून सुटतील बिचारे. उद्या अख्खी शेड जाईल त्यांची."

"तुला घर बघायचंय का गाव?" ते दारात हात पसरून आडवे आले.

तिला रागापेक्षा लाज वाटली. या माणसाच्या शब्दाखातर तिनं वर्षभर जावेकडं पाठ फिरवली होती. ती त्यांच्या हाताखालून वाकून बाहेर पडली, घरात गेली. संघाची फडकी तिच्याच खुंटीला टांगलेली असत. त्यातलं एक ओढून तिनं शेडच्या कडीला बांधलं. गाठ घट्ट बसली.

मग तिनं हाळी दिली, "काल हे ज्यांच्या ज्यांच्या शेडमध्ये आले होते, त्यांनी पिशव्या बघा गं!"

गल्ली क्षणात रिकामी झाली. जो तो आपल्या शेडकडं पळाला. अध्यक्ष ओट्यावर डोकं धरून बसले. तिचे डोळे समोरच्या, जावेच्या दाराला खिळले होते. आत पिशव्यांची खुडबुड ऐकू येत होती.

शेवटी जाऊ बाहेर आली. हात लांब धरून तिनं एकच पिशवी आणली होती, हिरवा ठिपका पडलेली.

"दाराजवळची आहे. अध्यक्षांनी काल दाबून पाहिली होती ती. बाकी सगळं पांढरं आहे."

अध्यक्षांची बायको पदर तोंडाला लावून रडली. बाकीच्यांच्या शेड स्वच्छ निघाल्या.

संध्याकाळी गाडी आली. व्यापारी अध्यक्षांच्या दारापुढं थबकला, फडक्याकडं पाहत राहिला.

"अध्यक्ष, स्वतःच्या दाराला? कमाल केलीत! अशा संघाचा माल मी नाही घेणार तर कोण घेणार?"

अध्यक्ष ओट्यावरून उठले, धुतलेला सदरा ताठ केला आणि घसा खाकरला.

"नियम म्हणजे नियम. घरचा असो, दारचा असो."

बायको घरात जायला वळली. इतक्यात जाऊ तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच.

"ताई, उद्या आंघोळ करून, कपडे बदलून आमच्याकडं तोडणीला या," ती म्हणाली. "अध्यक्षांना तेवढं घरीच ठेवा."