तिच्या तोंडी माझा हंबरडा

टीव्हीवर व्हिएतनाममधली एक बाई मराठीत रडत होती, आणि तो आवाज माझा होता.

रविवारची संध्याकाळ होती. पोळ्या आटपून मी लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या घरात नुकती सोफ्यावर टेकले होते. दोन हजार चार साल. बातम्यांत रोज बसरा आणि बगदाद, आणि बातम्या संपल्या की व्हिएतनाम. अमेरिकन सैन्याच्या कॅमेरामननी तिथं काढलेली जुनी रिळं जमवून कुणीतरी मोठी डॉक्युमेंटरी केली होती. माझे यजमान कमलाकर अशा वेळी पेपरात डोकं घालून बसतात. जळकी झोपडी दिसली, धूर दिसला, डोक्याला फडकं बांधलेली एक बाई सैनिकासमोर उभी दिसली. तिनं तोंड उघडलं आणि मला ऐकू आलं, "माझ्या राजा रे, मला टाकून कुठं गेलास रे!"

पेपर खाली आला. "सुप्रभा, ही तू?"

मीच होते. आदल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात मी मेलेल्या मुलाची आई झाले होते. माझा जन्म इथल्या हॉस्पिटलांत लोकांना भूल देण्यात गेला. हंबरडा फोडायचा सराव नव्हता, पण त्या दिवशी असा काही साधला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पर्समधून टिश्यू काढले. तोच हंबरडा आता त्या बाईच्या तोंडून येत होता. वर निवेदक खर्जातल्या इंग्रजीत सांगत होता की या आईचं दुःख भाषेच्या पलीकडचं आहे. भाषेच्या पलीकडचं! चांगली सदाशिव पेठेतली मराठी होती ती.

कार्यक्रम संपायच्या आत मंडळाचे अध्यक्ष उल्हास यांचा फोन आला.

"सुप्रभाताई, काय हे! नॅशनल टेलिव्हिजन! ऑनेस्टली, अंगावर काटा आला. दिवाळीच्या प्रोग्रॅमला तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ, सगळं. नाही म्हणायचं नाही हं."

आमच्या मंडळाची ही रीतच आहे. टीव्हीवर नुसतं डोकं दिसलं तरी शाल. मागे एकांच्या घरात पुराचं पाणी शिरलं आणि बातम्यांत त्यांची मुलाखत आली, तर त्यांनाही दिली होती. बिचाऱ्यांचे गालिचे अजून वाळत होते.

हा उद्योग कुणाचा ते मला सांगावं लागलं नाही. स्वानंद माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पुण्याहून वर्क परमिटवर आला, सोहोमधल्या एका कंपनीत फिल्मला आवाज जोडायचं काम करतो, आणि दर शनिवारी बायकोला, वरदाला, घेऊन आमच्याकडे जेवतो. मंडळाची सगळी नाटकं तोच रेकॉर्ड करतो. त्याला तिथल्या तिथे फोन लावला.

"मावशी, रागावू नकोस. इट्स अ कॉम्प्लिमेंट, खरंच," तो म्हणाला. "त्या रिळांना आवाजच नाहीये गं. आर्मीवाल्यांनी नुसतं पिक्चर घेतलंय. हेलिकॉप्टर, गोळ्या, चिखलातले बूट, सगळं आम्ही नंतर टाकतो. एव्हरीबडी डझ इट. त्या बाईचं तोंड हलतंय आणि आवाज नाही, ते विचित्र दिसत होतं. डायरेक्टर म्हणाली, गिव्ह हर अ क्राय. आमच्याकडचे रेडीमेड क्राय अगदी फेक वाटत होते. तुझा इतका रिअल होता!"

"मराठी होता तो, स्वानंद."

"कुणाला कळणार आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तिची भाषा कुणाला कळत नाही आणि माझीही कळत नाही, तेव्हा एकीची दुसरीला घाला, हिशेब पुरा. आम्ही सगळ्या एकाच कपाटातल्या बरण्या!

"आणि ती रडतेय, हे कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"म्हणजे… घर जळलंय ना तिचं."

"मूळचं रीळ मला बघायचंय. शनिवारी घेऊन ये, नाहीतर जेवायला येऊ नकोस."

तो कॅसेट घेऊन आला. वरदा कमलाकरांशी बोलत स्वयंपाकघरात बसली आणि आम्ही दोघांनी कॅसेट लावली. टीव्हीवर दाखवलं होतं त्याच्या कितीतरी पट लांब होतं ते, आणि आवाज शून्य. मी जन्मभर माणसांचे चेहरे बघून त्यांना किती दुखतंय ते ओळखलं आहे. रडताना जबडा कसा सुटतो, श्वास कुठे अडकतो, हे मला कुणी शिकवू नये. ही बाई रडत नव्हती. बोलत होती. भरभर बोलायची, थांबायची, सैनिकाच्या तोंडाकडे बघायची आणि पुन्हा तेच बोलायची. मग तिनं हात पुढे करून पंजा कमरेच्या जरा वर आडवा धरला. एवढा. त्याच हातानं झाडांकडे दाखवलं. पुन्हा पंजा. एवढा. सैनिक च्युइंगम चघळत कॅमेऱ्याकडे बघत होता.

टीव्हीवर तो हात नव्हता. हात वर यायच्या आत शॉट कापला होता.

"ती पोर शोधतेय," मी म्हणाले. "एवढं पोर पाहिलंत का, म्हणून विचारतेय."

"असं तुला वाटतंय, मावशी. तुला व्हिएतनामी येतं का?"

"नाही येत. मुलगा असेल, मुलगी असेल, करडूसुद्धा असेल. पण ती विचारतेय. आणि तुम्ही काय केलंत? तिचं पोर मारून टाकलंत आणि तिच्या जागी रडायला मला बसवलंत. आता तिला काय हवं होतं हे कुणी विचारणारच नाही. रडणाऱ्या बाईला काय विचारायचं असतं! बघायचं, हळहळायचं आणि चहा ठेवायला उठायचं."

"ओके, पण आता मी काय करू?"

"माझा आवाज काढ. तिला तशीच बोलू दे. आवाज नाही तर नाही."

तो हळू बोलायला लागला. फिल्म एका अमेरिकन चॅनेलला विकली होती, आणि जानेवारीत इथंही पुन्हा लागणार होती. "मी लेखी परवानगी घेतली नव्हती. ते बाहेर आलं तर मला काढतील. जॉब गेला की परमिट गेलं. वरदाला सातवा महिना आहे, मावशी. प्लीज."

मी त्याला वाढलं. तो जेवला.

आपल्या माणसांना समजेल, अशी मला वेडी आशा होती. म्हणून मी सत्काराला गेले. उल्हासनी तो तुकडा मोठ्या पडद्यावर लावला. त्या बाईनं तोंड उघडलं, माझा हंबरडा हॉलभर घुमला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या! जळत्या झोपडीपुढे उभ्या असलेल्या बाईला! मागोमाग माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि पुढ्यात माइक.

मी सांगितलं. तिचा हात सांगितला, झाडं सांगितली, कापलेला शॉट सांगितला. स्वानंदचं नाव घेतलं नाही. म्हटलं, गेल्या वर्षी इराकचं युद्ध नको म्हणून आपण गारठ्यात मोर्च्याला गेलो होतो, आपल्यातले कितीतरी जण होते. मग या बाईचं तोंड बंद करायला आपणच कसे टाळ्या वाजवतो? माझा आवाज चढत गेला, तो मला आवरता आला नाही.

उल्हास हसत माइकपाशी आले. "ताई किती सेन्सिटिव्ह आहेत, बघा. पण ताई, व्हिएतनाममध्ये काही मराठी मंडळ नाहीये. कंप्लेंट कोण करणार?"

हॉल खो खो हसला. माझ्या ओळखीतले, माझ्या हातचं खाल्लेले लोक हसले. स्वानंद तेवढा हसला नाही. तो बुटांकडे बघत होता, आणि वरदा माझ्याकडे.

मी शाल काढून उल्हासांच्या हातात दिली. "मी करणार," म्हणाले आणि खाली उतरले.

सोमवारी कंपनीला फोन केला तो डॉक्टरच्या आवाजात. खोटं बोलले. म्हटलं, माझ्या भाच्याला मी तोंडी परवानगी दिली होती, ती आता काढून घेते आहे. चूक माझी, त्याची नाही. प्रोड्यूसर इतका गोड बोलला की माझा राग मलाच उद्धट वाटायला लागला. आय कम्प्लीटली अंडरस्टँड. वुई हॅव द हायेस्ट रिस्पेक्ट. मी म्हटलं, तिचं तोंड नुसतं हलू दे, आवाज नको. अ‍ॅब्सोल्यूटली, तो म्हणाला. आठवडाभरात माझा आवाज काढल्याचं कळवलंही. स्वानंदची नोकरी टिकली. शनिवारी मात्र दोघं येईनासे झाले. दर वेळी काहीतरी काम निघायचं. सलायचं, पण जिंकले होते ना मी! कमलाकरांना दोनदा ऐकवून झालं होतं.

जानेवारीत फिल्म पुन्हा लागली. मी यांना पेपर ठेवायला लावलं. जळकी झोपडी, धूर, फडकं बांधलेली बाई. तिनं तोंड उघडलं.

हंबरडा आला. माझा नव्हता. बारीक, तरुण आवाज होता, मध्येच फाटणारा. भाषा मला ओळखता आली नाही.

मी स्वानंदला फोन लावला.

"मावशी, तुझा आवाज काढला ना?" तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "त्यांना लीगलचं तेवढंच होतं. सायलेंट ठेवलं तर लोकांना टीव्ही बिघडला असं वाटतं, असं डायरेक्टर म्हणाली. मला सांगितलं, दुसरा टाक. टाकला."

"कोण आहे ही?"

"काय माहीत. आमच्या आवाजांच्या लायब्ररीतला आहे. नुसतं 'एशियन मदर' म्हणून ठेवलाय. कुठल्यातरी जुन्या न्यूजचा असेल."

कमलाकर म्हणाले, "जाऊ दे आता, तुझा तर नाही ना?"

नव्हता. म्हणूनच मला तिथं बसवेना. न्यूजचा, म्हणजे त्या पोरीनं तो खरोखर कुठेतरी फोडला होता, कुणापुढे तरी, कुणासाठी तरी. माझं रडणं निदान नाटकातलं होतं.