खालचा थर तरुण

त्या सकाळी आलेला निकाल पाहून कुणीही कपाळावर हात मारला असता. दलदलीतून काढलेल्या मातीत खालचा थर वरच्यापेक्षा तरुण! अहो, आजोबा कधी नातवाहून लहान असतात का?

दलदलीतलं शेवाळ मरतं, पण पाण्याखाली नीट कुजत नाही. थरावर थर साचत जातो आणि त्यातला कार्बन तिथंच अडकून राहतो. कुठला थर कधीचा हे कळलं, तरच किती काळात किती कार्बन साठला ते सांगता येतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचं उभं आयुष्य यातच गेलं होतं. वय काढायला दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचे शेवाळाचे कण त्या स्वतः चिमट्यानं वेचायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

"वय काढणाऱ्यांनीच माती खाल्ली असणार!" बाई कडाडल्या. "अहवालात तसंच लिहून टाक, भिंगरे."

भिंगरी म्हणजे त्यांची सहायक. एका जागी टिकत नाही म्हणून बाईंनीच ठेवलेलं नाव. आज मात्र ती खांबासारखी उभी होती. उरलेला नमुना तिनं गुपचूप भिंगाखाली पाहिला होता. त्यात मुळं होती. आजच्या झुडपांची मुळं पार खालच्या थरात उतरतात. ती वेचून टाकली नाहीत, तर जुना थर तरुण ठरतो. चूक नवशिक्याची, पण केली होती बाईंनी. बोलावं तर बाईंचा मान जातो, गप्प बसावं तर भलत्याच्या माथी खोटा आळ. बिचारीला रडूच फुटायचं बाकी होतं.

शेवटी तिनं धीर केला. "बाई, यात मुळं राहिलीत."

"काहीतरीच काय!" बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. उजेड वाढवला, भिंग फिरवलं. "कुठं आहेत?"

"मधोमध, बाई. चांगलं जाड आहे एक."

बाई वाकलेल्याच राहिल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, "दिसत नाही गं मला."

भिंगरीनं बाईंच्या पाठीवर हात ठेवला. "डोळे दाखवून येऊ आपण. हा एक नमुना मी पुन्हा वेचते, त्यात काय एवढं!"

"एक?" बाई उठल्या. चिमटा तिच्या हातात देऊन त्यांनी शीतकपाट उघडलं आणि नमुन्यांच्या बाटल्या टेबलावर मांडायला लागल्या. टेबल भरलं, तरी त्या थांबेनात.

"वर्ष झालं नीट दिसेनासं होऊन, भिंगरे," त्या म्हणाल्या. "हे सगळे मीच वेचलेत."