टॅन्सीच्या बाजूची बॅग

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे, मित्रांनो. पण माझी कीव करू नका. माझा तळ झिजलाय, बक्कल वाकलंय, ताठा मात्र शाबूत आहे.

नॉर्थ डकोटात लॉरेन टिबेट्सच्या नवऱ्याने खोगिरांचं उरलेलं चामडं शिवून मला घडवलं. लॉरेन तेव्हा शाळेची बस चालवायची आणि माझ्यात तिचा डबा असायचा. निवृत्त झाल्यावर तिने न्यायाधीशांसमोर हात वर करून शपथ घेतली. आईबापांपासून काढून परक्या घरी ठेवलेल्या मुलाला नेमाने भेटायचं, त्याचं ऐकायचं, दिसेल ते कोर्टाला लिहून द्यायचं आणि बाहेर चकार शब्द काढायचा नाही. हे सगळं बिनपगारी. अशा बिनपगारी माणसांना शिकवायला आणि त्यांचे अहवाल तपासायला मार्सी ओडेगार्ड ही एकच पगारी बाई होती. तिचा पगार राज्य देई.

आमच्या वाट्याला नऊ वर्षांची टॅन्सी आली. दोन वर्षांत चार घरं आणि पाच सरकारी अधिकारी बदललेली पोर. नवा अधिकारी आवडता रंग विचारी, की ती म्हणे, "बॅगेला विचारा, तिला ठाऊक आहे." तिला मायनॉट शहरात मावशीकडे राहायचं होतं. लॉरेन तिथवर गाडी हाकत गेली आणि मावशीने पोरीसाठी मांडलेली खाट स्वतः पाहून आली.

तेवढ्यात या योजनेला पैसे देताना राज्याने हात आखडता घेतला. लॉरेन मला घेऊन राजधानीत पैसे मंजूर करणाऱ्या समितीपुढे गेली. तिथे प्रत्येकाला दोनच मिनिटं.

"एखाद्या मुलाची गोष्ट सांगा ना, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"नाही सांगणार. शपथ घेतलीय मी."

"मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"नाही सांगत, म्हणूनच ठेवा!"

मागे बसलेल्या मार्सीने कपाळावर हात मारला. टॅन्सीचे सगळे कागद माझ्या पोटात होते आणि मी बक्कल घट्ट धरून बसले होते. समितीने आमच्या तोंडाला पानं पुसली. महिनाअखेर मार्सीच्या कचेरीला कुलूप लागलं. मला फार राग आला, मित्रांनो. अजूनही येतो.

पुढच्या सोमवारी टॅन्सीची सुनावणी होती. सरकारी वकील म्हणाले, "ती योजना बंद झालीय, साहेब. या बाईंचा इथे काय संबंध?"

लॉरेन उठली. "साहेब, मला त्या कचेरीने नाही, तुम्ही नेमलंत. मोकळं करायचं तर तुम्हीच करा. तोवर मी इथून हलत नाही."

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. "नेमणूक कायम आहे. वाचा, बाई."

तिने माझं बक्कल उघडलं. त्या अहवालावरून टॅन्सी त्याच आठवड्यात मावशीकडे गेली.

आता लोक लॉरेनला म्हणतात, बॅगेला जरा तेलपाणी कर. मित्रांनो, मला तेल नको, की शोकेसमधली जागा नको. लॉरेनसारखं कुणी मिळावं म्हणून थांबलेल्या आणखी अकरा मुलांची यादी मार्सीकडे होती. लॉरेन एकटी कुणाकुणाला पुरणार? मोठे व्हाल, राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या तुमच्या हाती येतील, तेव्हा या अकरा जणांसारख्या मुलांना काय हवंय ते आधी विचारा. आणि आत्ता ज्यांच्या हाती त्या आहेत, त्यांनी नीट ऐकावं: पुढच्या वर्षी समिती बसेल तेव्हा मी पहिल्या रांगेत असेन.